घास आणि श्वास

घशात काही अडकून मूल दगावले, ही बातमी आपल्या वर्तमानपत्रांत चार-सहा ओळींपेक्षा मोठी होत नाही. जिल्हा पानाच्या तळाशी, चोऱ्यामाऱ्यांच्या शेजारी ती छापली जाते आणि दुसऱ्या दिवशी विसरली जाते. तिच्यात आरोपी नसतो, मोर्चा नसतो, नुकसानभरपाईची मागणी नसते. हळहळ असते आणि ‘आईचे लक्ष कुठे होते?’ एवढा एकच प्रश्न असतो. वाई तालुक्यातील मांढरदेवीच्या यात्रेत २००५ च्या जानेवारीत चेंगराचेंगरी होऊन अडीचशेहून अधिक भाविक मरण पावले, तेव्हा न्यायमूर्ती राजन कोचर यांचा चौकशी आयोग बसला आणि यात्रेच्या व्यवस्थेवर राज्यभर चर्चा झाली. ते योग्यच होते. परंतु एकेकट्याने, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर होणाऱ्या मृत्यूंसाठी आयोग बसत नाही. त्यांची बेरीजही कोणी करत नाही.

वस्तुत: हे मृत्यू टाळण्याजोगे आहेत. त्यासाठी ना नवे औषध लागते, ना मोठे अंदाजपत्रक. लागते ती थोडी माहिती, सुरी, खलबत्ता आणि दोन हात. तरीही या विषयाला आपल्या आरोग्यव्यवस्थेत हक्काची जागा नाही. असे का, याचा विचार सातारा-सांगलीच्या संदर्भात करायला हवा. कारण या दोन जिल्ह्यांच्या शेतांत आणि बाजारपेठांत जे पिकते आणि विकते, त्यातल्या अनेक पदार्थांची नावे बालरोगतज्ज्ञांच्या धोक्याच्या यादीत अगदी वरच्या क्रमांकावर आहेत. शेंगदाणा, तासगावची द्राक्षे, सांगलीचा बेदाणा, शेंगदाण्यांनी भरलेले भडंग, महाबळेश्वरचे फुटाणे. जी आपली ओळख आणि रोजीरोटी, तीच लहानग्याच्या घशाला नेमकी बेतणारी. हा योगायोग कोणालाही अभिमानाचा वाटणार नाही. पण तो नाकारून चालणारही नाही.

करंगळीएवढी वाट

आपल्या घशात दोन नळ्यांची तोंडे शेजारी शेजारी आहेत. मागची अन्ननलिका, पुढची श्वासनलिका. गिळताना स्वरयंत्रावरचे झाकण क्षणभर मिटते आणि घास मागच्या वाटेने जातो. बोलताना, हसताना, रडताना किंवा धावताना हे झाकण उघडे असते. नेमक्या त्या क्षणी तोंडात दाणा असेल, तर श्वासाबरोबर तो पुढच्या वाटेला लागतो. ‘जेवताना बोलू नये’ या घरोघरच्या दटावणीमागे एवढे साधे शरीरशास्त्र आहे.

मोठा माणूस अशा वेळी ठसकतो, खोकतो आणि दाणा बाहेर फेकतो. तान्ह्या मुलाला हे दोन कारणांनी जमत नाही. त्याची श्वासनलिका साधारण त्याच्याच करंगळीएवढी असते. शिवाय खोकून वस्तू बाहेर ढकलण्याचा जोर त्याच्या छातीत नसतो. तिसरे कारण दातांचे. पुढचे दात वर्षाच्या आत येतात, त्यामुळे मूल दाण्याचा तुकडा पाडू शकते. पण तो भरडण्यासाठी लागणाऱ्या दाढा नंतर येतात आणि नीट चावून गिळण्याचे कसब चौथ्या वर्षापर्यंत पक्के होत नाही. म्हणजे चावा घेता येतो, दळता येत नाही. जात्याला वरची तळी नसावी तशी ही अवस्था. एक ते तीन या वयात अशा घटना सर्वाधिक घडतात, त्याचे कारण हेच. त्याच वयात मूल रांगून, चालून घरभर फिरते आणि सापडेल ती वस्तू तोंडात घालून जगाची ओळख करून घेते.

भारतातल्या रुग्णालयांनी वेळोवेळी प्रसिद्ध केलेले अनुभव पाहिले, तर मुलांच्या श्वासनलिकेतून काढलेल्या वस्तूंमध्ये शेंगदाणा बहुधा पहिला असतो. तो गुळगुळीत असतो, त्याची दोन दळे सहज सुटतात आणि एक दळ नळीत बरोबर बसते. आतल्या ओलाव्याने तो फुगतो, त्यातल्या तेलाने नळीचे अस्तर सुजते. पुष्कळदा मूल तेथेच गुदमरत नाही. दाणा मुख्य नळीतून घसरून एका फुप्फुसाच्या फांदीत जाऊन बसतो, ठसका थांबतो आणि घरचे सुटकेचा नि:श्वास टाकतात. फसगत होते ती येथे. काही दिवसांनी खोकला सुरू होतो, छातीत घरघर येते, ताप येतो. बाळदमा म्हणून, न्यूमोनिया म्हणून आठवडेच्या आठवडे औषधे चालतात. क्ष-किरण चित्रात नाणे दिसते, टाचणी दिसते. शेंगदाणा दिसत नाही. दिसली तर त्याची सावली, म्हणजे एका बाजूचे फुगलेले किंवा बसलेले फुप्फुस दिसते. ‘काही खाताना जोराचा ठसका लागला होता का?’ हा एक प्रश्न विचारणारा डॉक्टर भेटला, तर निदान पहिल्याच दिवशी होते.

उपचार दुर्बिणीचा. जर्मनीतील फ्रायबुर्गच्या गुस्ताव किलियन यांनी १८९७ मध्ये एका शेतकऱ्याच्या श्वासनलिकेत अडकलेला हाडाचा तुकडा नळीवाटे काढला, तेव्हापासून ही विद्या आहे. अमेरिकेतील शेव्हालिए जॅक्सन यांनी आयुष्यभरात रुग्णांच्या घशातून आणि छातीतून काढलेल्या दोन हजारांवर वस्तू जपून ठेवल्या. फिलाडेल्फियाच्या म्युटर संग्रहालयात त्या आजही मांडलेल्या आहेत. परंतु लहान मुलावर हे काम करायचे, तर लहान मापाची दुर्बीण, भूलतज्ज्ञ आणि अतिदक्षता विभाग असे सगळेच एका ठिकाणी लागते. १८९४ पासून दवाखान्याचे गाव म्हणून नाव मिळवलेले मिरज, तसेच सांगली, कऱ्हाड, सातारा हा पट्टा वैद्यकीयदृष्ट्या भाग्यवान. जत, आटपाडी, माण, पाटणच्या वाड्या-वस्त्यांचे तसे नाही.

तासगावचे द्राक्ष, ॲबर्डीनचे ताट

आपला द्राक्ष बागायतदार मण्याच्या आकाराबद्दल किती जागरूक असतो, हे तासगाव-मिरज-पलूस भागात कोणालाही सांगायला नको. जिब्रेलिक ॲसिडची बुडवण, घडांची विरळणी, मण्याची फुगवण या साऱ्या खटाटोपाचा हेतू एकच, मणी लांब आणि जाड व्हावा. निर्यातीच्या मालाचा मणी मिलिमीटरमध्ये मोजला जातो. २०१० साली क्लोरमेक्वाट या रसायनाच्या अंशावरून युरोपात भारतीय द्राक्षे अडली, तेव्हा पुण्या-मुंबईपासून दिल्लीपर्यंत धावपळ झाली. म्हणजे द्राक्ष खाणाऱ्या परदेशी माणसाच्या आरोग्याची काळजी कशी वाहायची, हे आपल्याला चांगले कळते.

आता याच फळाची दुसरी बाजू पाहा. २०१६ च्या अखेरीस स्कॉटलंडमधील ॲबर्डीनच्या दोन डॉक्टरांनी एका वैद्यकीय नियतकालिकात द्राक्ष घशात अडकल्याच्या तीन घटना मांडल्या. तिन्ही मुले पाच वर्षांची किंवा त्याहून लहान. त्यांतली दोन दगावली, एक वाचले. डॉक्टरांचे म्हणणे असे, की अख्खे द्राक्ष आकाराने लहान मुलाच्या घशात फिट्ट बसते. त्याची मऊ, गुळगुळीत साल बुचासारखी घट्ट चिकटते आणि ते काढायला हत्यारच लागते. तिकडे खेळण्यांच्या वेष्टनावर इशारे असतात, पण द्राक्षाच्या डब्यावर नसतात, ही त्यांची तक्रार होती. त्यानंतर ही गोष्ट तेथे घरोघर पोचली. पाच वर्षांखालच्या मुलाला द्राक्ष द्यायचे ते उभे चिरून, चार फोडी करून, हा तेथील पाळणाघरांतला पाठ आहे.

विचार करण्याजोगी गोष्ट आहे. सांगली जिल्ह्यातून गेलेला मणी युरोपातल्या एखाद्या घरी चार फोडी होऊन मुलाच्या ताटात पडत असेल. आणि तो पिकवणाऱ्याच्या नातवाला मात्र बागेत, आजोबांच्या खांद्यावर बसून, घडातून तोडून अख्खाच्या अख्खा मिळतो. आजोबांचे प्रेम कमी नाही. त्यांच्यापर्यंत ही माहिती कोणी नेलीच नाही. औषधांच्या कंपन्यांचे प्रतिनिधी बांधापर्यंत येतात, फवारणीचे वेळापत्रक भिंतीवर लागते. पण त्या वेळापत्रकाच्या तळाशी ‘लहान मुलांना द्राक्ष उभे चिरून द्या’ ही एक ओळ छापावी, असे कोणाला सुचलेले नाही.

बेदाण्याचेही तेच. सांगली-तासगावच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन मिळाले, त्याच्या सौद्यांचे आकडे आपण अभिमानाने वाचतो. दोन वर्षांच्या मुलाच्या मुठीत आपण तो कोरडाच ठेवतो. भिजवून, कुस्करून दिला तर तोच बेदाणा उत्तम खाऊ आहे.

सण, जत्रा आणि खाऊ

संक्रांतीनंतर घरोघर होणारे बोरन्हाण हा किती लोभस सोहळा! काळे झबले, अंगावर हलव्याचे दागिने, पाटावर बसवलेले वर्षा-दोन वर्षांचे मूल आणि त्याच्या डोक्यावरून ओतलेली बोरे, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, शेंगा, चुरमुरे, हलवा, अलीकडे चॉकलेट-गोळ्यासुद्धा. भोवतीची पोरे ते वेचायला झुंबड करतात आणि पाटावरचे मूलही हाताला लागेल ते तोंडात कोंबते. धोक्याच्या यादीतले जवळजवळ सगळे पदार्थ एकाच वेळी, एकाच मुलाच्या पुढ्यात, आणि घरातली सगळी मोठी माणसे फोटो काढण्यात गुंतलेली. बोरन्हाण बंद करा, असे कोणी म्हणणार नाही, म्हणूही नये. ओतण्यात चुरमुरे, लाह्या ठेवाव्यात. बोरे, शेंगा, गोळ्या मोठ्या मुलांच्या हाती वेगळ्या द्याव्यात. आणि ते मूल पाटावर असेपर्यंत एका माणसाने त्याच्या तोंडाकडेच पाहावे. सोहळ्याची शोभा त्याने कणभरही उणी होत नाही.

जपानचे उदाहरण येथे उपयोगी पडावे. तेथे नववर्षाला तांदळाचा चिकट मोची खाण्याची परंपरा आहे आणि दरवर्षी काही वृद्ध माणसे तो घशात अडकून दगावतात. जपानने मोचीवर बंदी घातली नाही. टोकियोचे अग्निशमन दल दर वर्षअखेरीस लोकांना न चुकता सांगते: मोचीचे लहान तुकडे करा, सावकाश चावा, म्हाताऱ्या माणसाला एकटे बसवून खायला देऊ नका. परंपरा आणि सावधगिरी एका पंक्तीला बसू शकतात, ते असे.

खेळण्यांच्या बाबतीत आपल्याकडे निदान कागदावर तरी व्यवस्था आहे. केंद्र सरकारचा खेळण्यांच्या दर्जाविषयीचा आदेश १ जानेवारी २०२१ पासून लागू झाला आणि खेळण्यांवर भारतीय मानक चिन्ह बंधनकारक झाले. तीन वर्षांखालच्या मुलाच्या खेळण्याला सुटणारे बारीक भाग नसावेत, हे त्या मानकांतले मुख्य कलम. पण पालीच्या खंडोबाच्या किंवा गावोगावच्या जत्रेतल्या हातगाडीपर्यंत ते चिन्ह पोचायला वेळ लागेल. तोवर आईबापांचा डोळा हेच मानक. फुटलेल्या फुग्याचे रबर, शिट्टीतली गोळी, दिवा लागणाऱ्या खेळण्यातली बटणासारखी बॅटरी, या तीन गोष्टी विशेष वाईट. फुग्याचा तुकडा घशाला पडद्यासारखा चिकटतो. बॅटरी अन्ननलिकेत अडकली, तर दोन तासांत आत भाजू लागते. तेथे ‘शौचावाटे पडेल’ म्हणून वाट पाहणे जिवावर बेतते.

खाद्यपदार्थांच्या बाबतीत मात्र कागदही कोरा आहे. आपली अन्नसुरक्षेची बहुतेक चर्चा भेसळीभोवती फिरते. पदार्थाचा आकार हाही धोका असू शकतो, हा विचार तिच्यात नाही. युरोपीय संघाने २००४ साली चोखून खायच्या लहान जेलीकपांवर बंदी घातली, ती त्यांच्यात विष होते म्हणून नव्हे. त्यांचा आकार आणि चिवटपणा मुलांचे गळे दाबत होता म्हणून. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१० साली धोकादायक आकाराच्या खाद्यपदार्थांवर इशारा छापण्याची मागणी केली. आपल्याकडे शाळेच्या दारातल्या टपरीवर रंगीबेरंगी जेली रुपया-दोन रुपयांना मिळते, आणि तिच्या आकाराबद्दल कोणी ब्र काढत नाही.

म्हातारपणाचा घास

मुलांइतकाच हा प्रश्न थकलेल्या माणसांचा आहे. जावळी, पाटण, शिराळा, माण या तालुक्यांतली तरुण मंडळी पिढ्यान्‌पिढ्या मुंबई-पुण्याला. गावी राहिले आई-वडील. त्यांच्यापैकी कोणाला पक्षाघाताचा झटका आलेला, कोणाला कंपवात, कोणाला स्मृतिभ्रंश. या तिन्ही आजारांत गिळण्याच्या स्नायूंचा ताल बिघडतो. दात गेलेले, कवळी सैल, झोपेच्या किंवा मनोविकाराच्या गोळ्यांनी तोंड कोरडे. अशा माणसाला कडक भाकरीचा घास म्हणजे परीक्षाच.

नेहमीचा समज असा, की घन पदार्थ अवघड आणि पाणी सोपे. पक्षाघाताच्या रुग्णाच्या बाबतीत पुष्कळदा हे उलटे असते. पाण्यासारखा पातळ पदार्थ घशातून इतक्या वेगाने उतरतो, की झाकण मिटायला वेळच मिळत नाही आणि तो फुप्फुसात झिरपतो. कित्येकदा ठसकाही लागत नाही. मग न्यूमोनिया होतो आणि ‘झटक्यातून उठले होते, पण तापाने गेले’ असे सांगितले जाते. दुधात तरंगणारे भाकरीचे तुकडेही असेच फसवे. पातळ आणि घन एकाच घासात आल्याने घसा गोंधळतो. तीच भाकरी दुधात पूर्ण मुरवून, कुस्करून, एकजीव लगदा करून दिली तर उतरते. गुरगुट्या भात, नाचणीचे घट्टसर सत्त्व, घोटलेली खिचडी हे आपल्या स्वयंपाकघरातलेच पदार्थ आहेत. जगात आता अन्नाच्या घट्टपणाची शून्य ते सात अशी प्रतवारी झाली आहे. आपल्या आज्यांना ती हाताच्या बोटांनी कळत होती.

रुग्णाला ताठ बसवून भरवावे, जेवणानंतर अर्धा तास आडवे करू नये, तोंडातला घास उतरल्याशिवाय दुसरा देऊ नये, आणि झोपेत असलेल्याला, गुंगीत असलेल्याला काहीही देऊ नये, एवढे चार नियम पाळले तरी पुष्कळ साधते. येथे एका रूढीबद्दल स्पष्ट बोलले पाहिजे. फिट आलेल्या, घेरी येऊन पडलेल्या किंवा बेशुद्ध माणसाच्या तोंडात चमच्याने पाणी घालण्याची आपल्याला फार घाई असते. भावना कितीही चांगली असली, तरी ते पाणी पोटात जात नाही, छातीत जाते. तान्ह्याच्या नाकात तेल सोडणे, नाक दाबून किंवा रडत असतानाच बोंडल्याने दूध वा गुटी पाजणे, याही त्याच जातीच्या चुका आहेत.

धडधाकट माणसेही यातून सुटत नाहीत. उपाहारगृहात जेवता जेवता माणूस काही न बोलता कोसळतो आणि हृदयविकाराचा झटका म्हणून नोंद होते. शवविच्छेदनात मात्र घशात मांसाचा मोठा तुकडा सापडतो. अमेरिकेतील डॉ. रॉबर्ट हॉगन यांनी १९६३ साली असे मृत्यू प्रथम एकत्र मांडले. घाईने मारलेला मोठा घास, कवळी आणि दारू ही त्यांतली नेहमीची त्रयी. जत्रेच्या मटणाच्या पंगतीत ही त्रयी आपल्याकडे किती सहज जमते, हे वाचकांना वेगळे सांगायला नको.

चार मिनिटांचा हिशेब

श्वास पूर्ण बंद झाला, तर मेंदूला चार ते सहा मिनिटांत इजा होऊ लागते. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा आहे आणि तिने अनेक जीव वाचवले आहेत. पण जतच्या पूर्व भागात किंवा कोयनेच्या काठच्या वाडीत ती कितीही वेगाने आली, तरी चार मिनिटांत येणार नाही. ती साताऱ्याच्या भर पेठेतसुद्धा येणार नाही. म्हणजे या एका अपघातात डॉक्टर तोच, जो त्या क्षणी घरात आहे.

आणि घरातले आपण काय करतो? ‘वर बघ, वर बघ’ म्हणत टाळूवर थापटतो, पाणी पाजतो, तोंडात बोट घालून चाचपतो. या तिन्हींचा उपयोग नाही, पाणी आणि बोट यांनी तर वस्तू आणखी आत जाते. करायचे ते असे. माणूस खोकत असेल, बोलत किंवा रडत असेल, तर त्याला खोकू द्यावे; मध्ये पडू नये. आवाज बंद झाला, खोकला निघेना, ओठ निळे पडू लागले, तर क्षणाचा उशीर नको. एकाने १०८ लावावा, दुसऱ्याने कामाला लागावे. वर्षाच्या आतले बाळ असेल तर ते हातावर पालथे घ्यावे, डोके छातीपेक्षा खाली, जबड्याला आधार, आणि दोन खवाट्यांच्या मध्ये तळहाताच्या टाचेने पाच जोरकस थापा. नाही निघाले तर उताणे करून छातीच्या मध्यावर पाच वेळा दाब. पुन्हा थापा, पुन्हा दाब. बाळाचे पोट दाबायचे नाही. वर्षावरच्या मुलाला आणि मोठ्या माणसाला कमरेतून पुढे वाकवून पाठीवर तशाच पाच थापा. मग मागे उभे राहून, मूल लहान असेल तर गुडघे टेकून, बेंबी आणि बरगड्यांच्या मध्ये मूठ ठेवून आत आणि वर असे पाच हिसके. गरोदर किंवा फार स्थूल व्यक्ती असेल तर हिसके पोटावर न देता छातीवर. शुद्ध हरपली तर जमिनीवर आडवे करून छातीदाब सुरू करावा. तोंडात वस्तू डोळ्यांना दिसली तरच काढावी. पोटावर हिसके दिलेल्याला, वस्तू निघाली तरी, डॉक्टरांना दाखवावे.

पोटावरच्या हिसक्यांची ही युक्ती सिनसिनाटीचे डॉ. हेन्री हाइमलिख यांनी १९७४ साली सुचवली. २०१६ च्या मे महिन्यात, वयाच्या शहाण्णवाव्या वर्षी, त्यांनी स्वत: एका वृद्धाश्रमाच्या भोजनगृहात शेजारी बसलेल्या बाईंना ती करून वाचवले. आधी पाठीवर थापा की आधी पोटावर हिसके, यावर तज्ज्ञांत बरीच वर्षे वाद होता. अमेरिकेतील हृदयरोग संघटनेने २०२५ च्या नव्या मार्गदर्शनात आधी थापा, मग हिसके हा क्रम मान्य केला आहे. युरोपात तो पूर्वीपासून होता. म्हणजे शिकवायचे काय, हा प्रश्न आता उरलेला नाही. शिकवायचे कोणी, एवढाच उरला आहे.

करायचे कोणी?

सुदैवाने माणसे आहेत, फक्त त्यांच्या हाती हा विषय दिलेला नाही. २०१८ पासूनच्या घरगुती बालसंगोपन कार्यक्रमात आशाताई मुलाच्या तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात घरी जातात. सहावा महिना उष्टावणाचा, नववा रांगण्याचा, बारावा चालू लागण्याचा. धोका नेमका ज्या महिन्यांत दारात येतो, त्याच महिन्यांत आशाताईही दारात असतात. त्यांच्या यादीत चार वाक्ये आणि पिशवीत एक कापडी बाहुली घातली, तर वर्षभरात दोन्ही जिल्ह्यांतले प्रत्येक तान्हे मूल या माहितीच्या कक्षेत येईल. अंगणवाडीतल्या आहाराच्या सूचनांत ‘अख्खा दाणा नाही’ हा एक नियम असावा. शेंगदाणा वाईट नाही, हे येथे आवर्जून सांगितले पाहिजे. आटपाडी-जतसारख्या दुष्काळी पट्ट्यात तो गरिबाच्या घरचा प्रथिनांचा साठा आहे. लंडनमधील एका मोठ्या अभ्यासाने तर २०१५ साली दाखवून दिले, की ज्या बाळांना पुढे शेंगदाण्याची ॲलर्जी होण्याचा धोका मोठा, त्यांना तो पहिल्या वर्षातच योग्य रूपात दिल्याने ती ॲलर्जी पुष्कळ कमी होते. योग्य रूप म्हणजे कूट किंवा लगदा. मराठी स्वयंपाकघराला कूट शिकवायला कोणा परदेशी तज्ज्ञाची गरज नाही. दाण्याचे कूट, फुटाण्याचे पीठ, गाजराचा कीस, वाफवलेले सफरचंद, उभे चिरलेले द्राक्ष: चार वर्षांपर्यंत एवढे पथ्य पुरे.

दुसरे काम शाळांचे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये काले गावी रोवलेले रयत शिक्षण संस्थेचे रोपटे आज सातारा-सांगलीच्या गावागावांत आहे. घरात धाकट्या भावंडाला सांभाळणारी मुलगी बहुधा याच बाकांवर बसलेली असते. ऊसतोडीच्या हंगामात कारखान्यांच्या परिसरात उतरलेल्या टोळ्यांत तर सहा-सात वर्षांची पोरच तान्ह्याची आई असते. आठवीच्या विद्यार्थ्याला वर्षातून एक तास हा धडा हाताने करून दाखवला, तर तो जन्मभर विसरत नाही. महामार्गावरच्या उपाहारगृहांतल्या वाढप्यांना, एसटीच्या वाहकांना, वृद्धांची सेवा करणाऱ्या बायांना हाच एक तास द्यावा.

तिसरे काम नोंदीचे. जन्ममृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा. पण २०२० च्या सरकारी अहवालानुसार देशात नोंदलेल्या मृत्यूंपैकी जेमतेम साडेबावीस टक्के मृत्यूंचे कारण डॉक्टरांनी प्रमाणित केलेले होते. उरलेल्यांत कोण कशाने गेले, हे कोणालाच माहीत नाही. रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात अन्न अडकून झालेल्या मृत्यूला स्वतंत्र क्रमांक आहे. तो आपल्या दाखल्यांवर उमटला, तरच जिल्हा नियोजन समितीपुढे हा विषय आकड्यानिशी जाईल. ज्याची मोजदाद नाही, त्याला तरतूद नाही. शासनाची ही रीत जुनी आहे.

यावर हमखास येणारे उत्तर असे: ‘आम्ही नाही का शेंगदाणे खाऊन वाढलो?’ वाढलो, हे खरेच. पण हे वाक्य उच्चारायला जे उरले, तेच ते उच्चारतात. ज्यांचा श्वास त्या दाण्याने अडवला, त्यांना मत नोंदवता आलेले नाही.

दुसरे उत्तर त्याहून कठोर आहे आणि ते बहुधा तेराव्याच्या आत घरातल्या सुनेला ऐकावे लागते: ‘तुझे लक्ष नव्हते.’ चुलीवर भाकरी, दारात जनावर, कडेवर एक आणि पायात एक मूल असलेल्या बाईचे लक्ष चोवीस तास कसे असावे? रस्त्याला कठडा नसला, तर आपण आता केवळ चालकाला दोष देत नाही, बांधकाम खात्यालाही विचारतो. मग जिला धोका कोणी सांगितला नाही, उपाय कोणी शिकवला नाही, त्या आईला एकटीला आरोपी करून आपण नेमके कोणाला वाचवतो? तिच्यावर ठपका ठेवला, की बाकी सगळे सुटतात. आरोग्य खाते सुटते, शाळा सुटते, जेली विकणारा सुटतो, आपणही सुटतो. आणि चार ओळींची ती बातमी पुढच्या हंगामात, दुसऱ्या गावाच्या नावाने पुन्हा छापली जाते.

द्राक्षाचा हंगाम दरवर्षी येतो, संक्रांत दरवर्षी येते. या वर्षी बोरन्हाणाच्या आमंत्रणात, बेदाण्याच्या पुड्यावर, भडंगाच्या पाकिटावर आणि अंगणवाडीच्या भिंतीवर एक ओळ लिहायला कोणाची मंजुरी लागत नाही: चार वर्षांखालच्या मुलाला अख्खा दाणा नको.